नॅशव्हिल, १९६०: स्टुलावर बसण्याआधीची दोन वर्षं

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या फिफ्थ अव्हेन्यूवर वूलवर्थ, क्रेस आणि मॅकलेलन ही तीन मोठी दुकानं जवळजवळ होती. १९६० साली एखादी कृष्णवर्णीय बाई तिथे गेली तर तिला वह्या, साबण, पायमोजे, मुलांची खेळणी, हवं ते मिळे. गल्ल्यावर पैसे घेताना कुणी तिचा रंग बघत नसे. त्याच दुकानात एका कडेला लंच काउंटर असे. लांबलचक फळी, समोर ओळीने स्टुलं, पलीकडे कॉफी आणि सँडविच देणाऱ्या वेट्रेस. पायपीट करून दमलेली ती बाई त्यातल्या एका स्टुलावर टेकली, की तिला सांगण्यात येई, तुम्हाला इथे काही मिळणार नाही.

१३ फेब्रुवारी १९६० रोजी विद्यार्थी या स्टुलांवर जाऊन बसले. १० मे रोजी मध्यवस्तीतल्या सहा दुकानांनी आपले काउंटर सगळ्यांना खुले केले. मध्ये पुरते तीन महिनेही गेले नाहीत. अमेरिकेतल्या वंशसमतेच्या लढ्यात याहून मोठे आणि याहून रक्तरंजित प्रसंग पुष्कळ आहेत. तरी अहिंसक आंदोलन उभं कसं राहतं हे कुणाला समजून घ्यायचं असेल, तर मी आधी नॅशव्हिलकडे बोट दाखवेन. जगाला दिसलं ते या तीन महिन्यांतलं. त्याच्या आधी जवळपास दोन वर्षं एका चर्चच्या तळघरात जे चाललं होतं ते फारसं कुणाला दिसलं नाही, आणि माझ्या मते या लढ्याचा निकाल बराचसा तिथेच लागला होता.

सभ्य शहर

नॅशव्हिलला स्वतःचा अभिमान होता. हे शहर स्वतःला ‘दक्षिणेचं अथेन्स’ म्हणवून घेई, इथल्या बागेत ग्रीसमधल्या पार्थेननची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभी होती. विद्यापीठं होती, धार्मिक पुस्तकांचे छापखाने होते. कृष्णवर्णीयांसाठीच्या चार नावाजलेल्या संस्था इथे होत्या: फिस्क विद्यापीठ, टेनेसी ए अँड आय, अमेरिकन बॅप्टिस्ट सेमिनरी आणि मेहारी वैद्यकीय महाविद्यालय. मिसिसिपी किंवा अलाबामातल्या खेड्यांपेक्षा परिस्थिती बरी होती. इथले कृष्णवर्णीय मतदान करत. झेड. अलेक्झांडर लूबी हे अँटिग्वा बेटावर जन्मलेले वकील १९५१ पासून नगर परिषदेचे सदस्य होते. महापौर बेन वेस्ट मवाळ म्हणून ओळखले जात, आणि त्यांना कृष्णवर्णीयांच्या मतांची किंमत ठाऊक होती.

पण हॉटेलं वेगळी, थिएटरात बसायची जागा वेगळी, स्वच्छतागृहं वेगळी. आणि वरचा सभ्यपणा जरा खरवडला की खाली काय आहे हे १९५७ मध्ये दिसलं होतं. त्या वर्षी पहिलीच्या वर्गात कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळांत प्रवेश द्यायला सुरुवात झाली. हॅटी कॉटन नावाच्या शाळेत एक, फक्त एक मुलगी गेली. त्याच रात्री शाळेचा एक भाग डायनामाइटने उडवून देण्यात आला. त्या वर्षी गोऱ्यांच्या शाळेत पाऊल टाकणाऱ्या चिमुकल्यांत रेव्हरंड केली मिलर स्मिथ यांचीही मुलगी होती. हेच स्मिथ पुढे या लढ्याचे यजमान झाले. फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च, कॅपिटल हिल, हे त्यांचं चर्च दुकानांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

नागपूरहून परतलेला माणूस

जेम्स लॉसन यांचा जन्म १९२८ चा, पेनसिल्व्हेनियातला. वाढले ओहायोतल्या मॅसिलनमध्ये. लहानपणी एका गोऱ्या पोराने त्यांना शिवी दिली, त्यांनी त्याला थोबाडीत मारली आणि घरी येऊन आईला सांगितलं. आई चुलीकडे तोंड करून काम करत होती. ती म्हणाली, त्याने काय साधलं, जिमी? हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सांभाळला. पुढे कोरियाच्या युद्धासाठी सक्तीची लष्करभरती आली तेव्हा त्यांनी नकार दिला आणि वर्षाहून जास्त काळ तुरुंग भोगला.

तुरुंगातून सुटल्यावर १९५३ मध्ये ते मेथडिस्ट चर्चतर्फे नागपूरला आले. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होती. हिस्लॉप कॉलेजात त्यांनी शिकवलं, मुलांना खेळांचं प्रशिक्षण दिलं आणि तीन वर्षं सत्याग्रहाचा बारकाईने अभ्यास केला. गांधीजी जाऊन तेव्हा पाच-सहा वर्षंच झाली होती. सेवाग्राम तिथून दोन तासांवर, आणि त्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेली माणसं त्या शहरात घरोघर भेटत. डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’मध्ये लॉसन यांनी एक बातमी वाचली: अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला आहे, आणि त्यांचं नेतृत्व मार्टिन लूथर किंग नावाचा एक तरुण धर्मोपदेशक करतो आहे. आपण ज्याची वाट बघत होतो ते आपल्या देशात सुरू झालं, या आनंदात ते ओरडले, टाळ्या वाजवू लागले. महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक असलेला हा क्षण नागपूरने जपायला हवा असं मला मनापासून वाटतं.

१९५७ च्या फेब्रुवारीत ओबर्लिन कॉलेजात त्यांची आणि किंग यांची भेट झाली. लॉसन म्हणाले, शिक्षण संपलं की मी दक्षिणेत येईन. किंग यांनी सांगितलं, थांबू नका, आत्ताच या. दोघंही तेव्हा २८ वर्षांचे होते. लॉसन १९५८ मध्ये नॅशव्हिलला आले, व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्राच्या वर्गात नाव घातलं आणि स्मिथ यांच्या संघटनेच्या मदतीने कार्यशाळा सुरू केल्या. फिस्कपासून जवळच असलेल्या क्लार्क मेमोरियल चर्चचं तळघर ही त्यांची जागा ठरली.

तळघर

सुरुवातीला येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यात जॉन लुईस होता, अलाबामातल्या शेतकऱ्याचा मुलगा, सेमिनरीत शिकणारा, बोलताना अडखळणारा. त्याचे सोबती बर्नार्ड लाफायेट आणि जेम्स बेव्हल. फिस्कची डायान नॅश शिकागोत वाढलेली. दक्षिणेत आल्यावर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशा पाट्या तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या आणि तिला संताप आवरेना. तिथेच शिकणारा मॅरियन बॅरीही होता. पुढे तो वॉशिंग्टन शहराचा महापौर झाला.

लढा कशासाठी द्यायचा हे लॉसन यांनी आधी ठरवून आणलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्हाला रोज कुठे टोचतं? या प्रश्नाचं उत्तर बायकांनी दिलं. पुरुष कामावर जात आणि परत येत. मध्यवस्तीत खरेदीला जाणं, सोबत लहान मुलं, हे बायकांच्या वाट्याचं. मूल रडतं, त्याला तहान लागते, लघवीला लागते, आणि एवढ्या मोठ्या बाजारात आईला टेकायला जागा नाही. मुलाला काय कारण सांगायचं? हे ऐकल्यावर लंच काउंटर ठरला. नेत्यांच्या नावांनी भरलेल्या इतिहासात ही गोष्ट अनेकदा एका ओळीत उरकली जाते, आणि ते मला खटकतं. या निवडीत फार मोठं शहाणपण होतं. काउंटर उघड्यावर होता, सगळ्यांना दिसणारा होता. मागणी एवढी साधी होती की तिला विरोध करणाऱ्यालाच कारण सुचू नये. आणि ज्याच्याकडे ती करायची त्या दुकानदाराचा गल्ला कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांच्या पैशानेही भरत होता.

मग तालीम सुरू झाली. खुर्च्या ओळीने मांडायच्या, काहींनी विद्यार्थी व्हायचं, काहींनी त्यांना छळणारे गोरे. छळणाऱ्याने कानाशी येऊन घाणेरड्या शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्ची ओढायची, ढकलून द्यायचं. बसलेल्याने मागे वळायचं नाही. खाली पाडलं तर डोकं आणि पोट कसं वाचवायचं, एकाला फार मार बसू लागला तर दुसऱ्याने मध्ये कसं शिरायचं म्हणजे मार विभागला जाईल, मारणाऱ्याच्या नजरेला नजर कशी द्यायची, हे सगळं पुन्हापुन्हा घटवलं जाई. गोऱ्याची भूमिका करणारेही कृष्णवर्णीयच असत, मित्रच असत. त्या शिव्या आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकून कुणी रडलं, कुणाची मूठ आपोआप वळली. अशा वेळी थांबायचं, बोलायचं, पुन्हा सुरू करायचं. ज्याला राग आवरणार नाही अशी स्वतःविषयी खात्री वाटे त्याला दुसरं काम मिळे. गाड्या चालवणं, निरोप नेणं, पत्रकं काढणं, जामिनासाठी माणसं गोळा करणं. सगळ्यांनी स्टुलावर बसलंच पाहिजे असा आग्रह नव्हता.

लॉसन जे शिकवत होते ते स्वतः करून दाखवू शकत. निदर्शनांच्या काळात चामड्याचं जाकीट घातलेला एक गोरा तरुण त्यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन यांनी शांतपणे त्याच्याकडे रुमाल मागितला. त्या तरुणाला इतका धक्का बसला की त्याने खिशातून रुमाल काढून दिला. लॉसन यांनी तोंड पुसलं, रुमाल परत केला आणि विचारलं, तुझ्याकडे मोटरसायकल आहे का? मग दोघं गाडीविषयी बोलत राहिले. या प्रसंगाकडे मी चमत्कार म्हणून बघत नाही. समोरच्याने मारामारीसाठी जी जागा आखून ठेवलेली असते तिच्यात पाऊल न टाकता त्याला बोलायला लावायचं, ही युक्ती होती आणि ती सरावाने येत होती.

नोव्हेंबर आणि डिसेंबर १९५९ मध्ये हार्वीज आणि केन-स्लोन या दोन दुकानांत चाचपणी झाली. छोटा गट आत गेला, काही वस्तू घेतल्या, काउंटरवर बसला, नकार ऐकला, व्यवस्थापकाला सभ्यपणे कारण विचारलं आणि उठून आला. नाताळनंतर मोठं पाऊल टाकायचा बेत होता. तेवढ्यात १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत चार विद्यार्थी वूलवर्थच्या काउंटरवर बसले आणि बातमी देशभर गेली.

वाट बघू नका

१२ फेब्रुवारीच्या रात्री स्मिथ यांच्या चर्चमध्ये बैठक झाली. वडीलधाऱ्यांचं म्हणणं होतं की थोडं थांबा. संघटनेच्या खात्यात ८७ डॉलर ५० सेंट होते. अटक झाली तर जामीन कुठून देणार? बेव्हल उठला आणि म्हणाला की आज थांबलो तर पुढच्या आठवड्यातही थांबू, मग पुढच्या महिन्यातही. मुलांनी त्याचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी, बर्फ पडलेलं असताना, १२४ विद्यार्थी रविवारच्या प्रार्थनेला जावं तसे नीटनेटके कपडे घालून निघाले. सोबत अभ्यासाची पुस्तकं होती. तिन्ही दुकानांत त्यांनी आधी काहीतरी विकत घेतलं, पावती घेतली आणि काउंटरवर बसले.

त्या दिवशी मारहाण झाली नाही. डायान नॅशने पुढे सांगितलं आहे की समोरची वेट्रेस इतकी बावरली होती की तिच्या हातातून बशा पडत होत्या. एक उचलावी तर दुसरी पडे. त्या अवस्थेतही हसू दाबणं भाग होतं, कारण हसायचं नाही हे ठरलेलं होतं. हीच डायान महाविद्यालयाच्या वर्गात बसलेली असताना निदर्शनाची वेळ जवळ आली की भीतीने तिच्या तळहातांना घाम सुटे. धैर्य नावाचा गुण काही जणांकडे जन्मजात असतो, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

१८ आणि २० फेब्रुवारीला संख्या वाढत गेली, डब्ल्यू. टी. ग्रँट आणि वॉलग्रीन्स ही दुकानंही यादीत आली. मग पोलिसांचा निरोप आला की आता सवलत संपली. २७ तारखेच्या शनिवारी हल्ला होणार हे सगळ्यांना कळून चुकलं. लुईस आणि लाफायेट यांनी वागण्याचे नियम एका कागदावर काढून वाटले. मारलं तरी उलटून मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. दुकानाचं दार किंवा वाट अडवू नका. गटप्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. शेवटी येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण आठवा, असं लिहिलेलं होतं.

त्या शनिवारी जमाव आत शिरला. मुलांना स्टुलांवरून खाली ओढलं, लाथा मारल्या, पाठीवर सिगारेटी विझवल्या. फिस्कमध्ये शिकायला आलेल्या एका गोऱ्या विद्यार्थ्याला तर शोधून मारलं, त्याचा गुन्हा दुप्पट होता. पोलीस आले आणि मार खाणाऱ्यांनाच शांतताभंगाच्या आरोपाखाली पकडू लागले. इथे तळघरातली तयारी उघड्यावर आली. पहिली ओळ पकडून नेली की चर्चमध्ये थांबलेली दुसरी ओळ येऊन त्याच स्टुलांवर बसे. ती नेली की तिसरी. सुमारे ८० जणांना अटक झाली तरी काउंटर रिकामा होईना. पोलिसांकडे यावर उत्तर नव्हतं. नुकतीच विशी गाठलेला लुईस त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पकडला गेला. तुरुंग म्हणजे बेअब्रू असंच त्याला लहानपणापासून शिकवलेलं होतं. त्याने पुढे सांगितलं की पोलिसांच्या गाडीत बसताना आपल्याला मोकळं झाल्यासारखं वाटलं. घरून आईचा निरोप आला तो मात्र वेगळा, त्या भानगडीतून बाहेर पड.

तुरुंगाचा हिशेब

जामिनाची रक्कम १०० डॉलरवरून ५ डॉलरपर्यंत खाली आणली, तरी मुलं भरायला तयार नव्हती. २९ फेब्रुवारीला खटला चालला तेव्हा कोर्टाभोवती २,००० हून जास्त माणसं उभी होती. बचावाला लूबी उभे राहिले. ते युक्तिवाद करत असताना न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. प्रत्येकी ५० डॉलर दंड झाला. डायान नॅशने सगळ्यांच्या वतीने कोर्टात सांगितलं की हा दंड भरणं म्हणजे आमच्यावर झालेल्या अन्यायाला हातभार लावणं होईल, म्हणून आम्ही तुरुंगात जातो.

हा डाव चळवळीतल्या सगळ्यांनाच पटला होता असं नाही. नामांकित वकील थर्गुड मार्शल एप्रिलमध्ये फिस्कला आले तेव्हा त्यांनी मुलांचं कौतुक केलं आणि सल्ला दिला तो मात्र कोर्टाच्या वाटेचा: जामीन मिळत असेल तर घ्या आणि खटला लढा. मार्शल यांनी स्वतः कोर्टात केवढ्या लढाया जिंकल्या होत्या हे बघता त्यांचं मत हलकं मानता येत नाही. तरी नॅशव्हिलपुरतं मुलांचंच बरोबर होतं असं मी म्हणेन. खटला वर्षानुवर्षं चालतो आणि तो चालवतात वकील. तुरुंगात बसलेली महाविद्यालयीन मुलं मात्र दुसऱ्याच दिवशी प्रत्येक घराच्या जेवणाच्या टेबलावर विषय होतात. आजवर गप्प बसलेले आईबाप, डॉक्टर, प्राध्यापक, दुकानदार यांना त्यानंतर गप्प बसणं अवघड गेलं.

३ मार्चला महापौरांनी दोन्ही समाजांतल्या माणसांची समिती नेमायचं जाहीर केलं आणि मुलांना सोडलं. त्याच दिवशी व्हँडरबिल्टने लॉसन यांना विद्यापीठातून काढून टाकलं. ‘नॅशव्हिल बॅनर’ या दैनिकाने त्यांच्याविरुद्ध रान उठवलं होतं आणि त्याचे प्रकाशक विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर होते. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्यांना स्मिथ यांच्या चर्चमधून अटक करून नेलं. निषेध म्हणून धर्मशास्त्र विभागाच्या बहुतेक प्राध्यापकांनी राजीनामे पुढे केले. लॉसन यांनी पदवी बॉस्टनमध्ये पूर्ण केली. याच व्हँडरबिल्टने २००६ मध्ये त्यांना सन्मानाने शिकवायला बोलावलं.

५ एप्रिलला समितीचा तोडगा आला. काउंटरचे दोन भाग करा, एक फक्त गोऱ्यांसाठी, दुसरा दोघांसाठी. मध्यममार्गी माणसाला हे पुढचं पाऊल वाटेल. मुलांनी ते तिथल्या तिथे फेटाळलं. अपमानाची अर्धी फळी कायम ठेवायची असेल तर इतके दिवस बसलो कशाला, हा त्यांचा सवाल होता.

गल्ला

ईस्टर १७ एप्रिलला होता. आपल्याकडे दिवाळीआधी कपड्यांच्या दुकानांत जी गर्दी उसळते तशी तिथे ईस्टरआधी उसळे. घरातल्या प्रत्येकाला नवे कपडे, बायकांना टोप्या, मुलांना बूट. नेमक्या या मोसमात कृष्णवर्णीय वस्तीने मध्यवस्तीतल्या दुकानांकडे पाठ फिरवली. रविवारी चर्चच्या व्यासपीठावरून आवाहन झालं, आठवडाभर फोनवरून निरोप फिरले. जुनेच कपडे घालून ईस्टर साजरा करायचा असं ठरलं आणि जवळजवळ सगळ्या वस्तीने ते पाळलं. गोंधळाच्या भीतीने गोऱ्या बायकाही बाजारात यायच्या थांबल्या. ऐन सणात रस्ते ओस पडले.

अहिंसेने शत्रूचं मन पालटतं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. नॅशव्हिलच्या दुकानदारांचं मन पालटलं असा पुरावा मला तरी दिसत नाही. त्यांचा गल्ला रिकामा पडला, हा पुरावा स्वच्छ आहे. पण मग स्टुलावर मार खाल्ला नसता, नुसताच बहिष्कार टाकला असता तरी चाललं असतं का? मला नाही वाटत. बहिष्कार म्हणजे हजारो घरांनी रोज नव्याने घ्यायचा निर्णय. कुणीतरी चार दिवसांनी गुपचूप जातंच. नॅशव्हिलमध्ये लोक गेले नाहीत, कारण आपली मुलं मार खाऊन, हात न उचलता तुरुंगात गेलेली त्यांनी पाहिली होती. एकाही मुलाने त्या शनिवारी बाटली फेकून मारली असती, तर वर्तमानपत्रांत दंगलीची बातमी झाली असती, बापांनी मुलांना घरी बोलावून घेतलं असतं आणि बहिष्कार फुटला असता. तळघरातल्या शिस्तीची किंमत इथे डॉलरमध्ये वसूल झाली.

१९ एप्रिल

पहाटे साडेपाचच्या सुमारास लूबी यांच्या घरावर डायनामाइट फेकलं गेलं. स्फोट एवढा जबरदस्त होता की समोरच्या मेहारी महाविद्यालयाच्या १४० हून जास्त खिडक्यांच्या काचा फुटल्या. लूबी आणि त्यांच्या पत्नी आतल्या खोलीत झोपले होते म्हणून वाचले. बातमी पसरली आणि दुपारपर्यंत जेफरसन स्ट्रीटवरून मोर्चा निघाला. तीन-तीनच्या रांगा, तीन ते चार हजार माणसं, घोषणा नाहीत. ऐकू येत होते ते फक्त पायांचे आवाज. ज्या सकाळी सूड उगवावासा वाटणं अगदी स्वाभाविक होतं, त्या सकाळी एवढी माणसं गप्प चालली. याहून अवघड काही त्या तीन महिन्यांत घडलं नाही.

मोर्चा सिटी हॉलला पोचला आणि महापौर वेस्ट तिथल्या पायऱ्यांवर आले. रेव्हरंड सी. टी. व्हिव्हियन यांनी लेखी निवेदन वाचलं, त्यात महापौरांवर झणझणीत टीका होती. वेस्ट चिडले, दोघांची शाब्दिक चकमक झाली. मी कृष्णवर्णीयांसाठी काय काय केलं याचा पाढा महापौरांनी वाचला. सगळं नेहमीच्या राजकीय भांडणाच्या वळणावर चाललं होतं. तेव्हा २१ वर्षांच्या डायान नॅशने त्यांना विचारलं की एखाद्याला केवळ वंश किंवा रंगावरून वेगळी वागणूक देणं चुकीचं आहे असं तुम्हाला वाटतं का? तिने पदाला हात घातला नाही, त्या पदावरच्या माणसाला विचारलं. वेस्ट म्हणाले, हो. मग तिने लगेच दुसरा प्रश्न टाकला: लंच काउंटर सगळ्यांना खुले करावेत अशी तुमची शिफारस आहे का? वेस्ट पुन्हा हो म्हणाले. ते ठरवणं दुकानदारांच्या हातात आहे, अशी पुस्ती त्यांनी जोडली खरी, पण दुसऱ्या दिवशीच्या ‘टेनेसियन’ने काउंटर खुले करा असं महापौर म्हणतात, हाच मथळा दिला. वेस्ट यांनी नंतर सांगितलं की एक माणूस म्हणून विचारल्यावर, माल विकायचा आणि जेवण नाकारायचं हे बरोबर आहे असं आपल्याला म्हणता येईना.

दुकानदारांना हेच हवं होतं. पहिलं पाऊल आपण टाकलं असं कुणालाच दाखवायचं नव्हतं, महापौरांच्या शब्दाने त्यांना आडोसा मिळाला. पुढच्या तीन आठवड्यांत बंद दाराआड बोलणी झाली. कर्मचाऱ्यांना आधी समजावून सांगायचं, वर्तमानपत्रांत गाजावाजा करायचा नाही, पहिल्या दिवशी दोन-दोन तीन-तीन गिऱ्हाइकांनीच ठरल्या वेळी यायचं, असं ठरलं. १० मे रोजी दुपारी ती गिऱ्हाइकं आली, बसली, खाऊनपिऊन पैसे देऊन गेली. गडबड झाली नाही. जिंकल्यावर मिरवायचं नाही, समोरच्याला तोंड दाखवायला जागा ठेवायची, हाही त्याच शिस्तीचा भाग होता आणि आंदोलनं करणारे बहुधा नेमकं हेच विसरतात.

जे बाकी राहिलं

सहा दुकानांचे काउंटर उघडले म्हणजे शहर बदललं असं झालं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुईस आणि बेव्हल एका हॅम्बर्गरच्या दुकानात बसून राहिले, तर व्यवस्थापकाने दार लावून आत कीटकनाशकाचा धूर सोडला. थिएटरांसाठी १९६१ मध्ये वेगळा लढा द्यावा लागला. उरलेली बरीच उपाहारगृहं आणि हॉटेलं जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत आडून राहिली. दुकानात कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला कॉफी मिळू लागली, पण त्याच दुकानात कारकुनाची नोकरी मिळणं दूरच होतं. आणि नॅशव्हिलला काही गोष्टी अनुकूल होत्या हेही मान्य करायला हवं: मतांना भिणारा महापौर, चार महाविद्यालयं, बातमी छापणारं एक तरी दैनिक. यातलं काहीच नसलेल्या गावात हीच पद्धत इतक्या लवकर फळली असती असा दावा मी करणार नाही.

पण तयार झालेली माणसं शिल्लक राहिली. एप्रिल १९६० मध्येच नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात ज्येष्ठ कार्यकर्त्या एला बेकर यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांची देशव्यापी समन्वय समिती स्थापन झाली. तिच्या उद्देशांचा मसुदा लॉसन यांनी लिहिला आणि पहिला अध्यक्ष झाला मॅरियन बॅरी. मे १९६१ मध्ये आंतरराज्य बसमधून वंशभेद मोडायला निघालेल्या पहिल्या तुकडीवर अलाबामात हल्ले झाले, बस जाळली गेली आणि प्रवास थांबवायचं ठरलं. तेव्हा डायान नॅशने नॅशव्हिलहून दुसरी तुकडी पाठवायचं ठरवलं. केनेडी सरकारच्या वतीने जॉन सिगेंथेलर यांनी तिला फोन केला. मुलं मरतील, असं त्यांनी बजावलं. तिने सांगितलं की काल रात्रीच सगळ्यांनी आपापली मृत्युपत्रं लिहून सही करून ठेवली आहेत. १७ मे रोजी दहा जण निघाले, त्यात लुईस होता. १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुलांना मोर्चासाठी तयार करायचं काम बेव्हलने अंगावर घेतलं, आणि त्याच वर्षी लाफायेट सेल्माला गेला. तिथे मतदार नोंदणीचं नाव काढायलाही लोक घाबरत होते, म्हणून तो आधी लोकांच्या घरी जाऊन बसू लागला, आणि हळूहळू एकेका चर्चमध्ये छोट्या बैठका घेऊ लागला.